हॉलमधला बाण

आमचे घरमालक चहा प्यायचे तेव्हा जगाकडे पाठ करून प्यायचे. समोर कुणीही असो, पाहुणा असो नाहीतर सोसायटीचा चेअरमन असो, कप हातात आला की उठायचे, ओसरीच्या टोकाला जायचे, भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे आणि मिशा पुसत पुसतच परत वळायचे. आम्ही खोली बघायला गेलो त्या दिवशी मालकीणबाईंनी, म्हणजे मावशींनी, चहा दिला आणि मालकांनी माझ्याकडं सरळ पाठ फिरवली. मी लग्न होऊन नवी आलेली, ठेवणीतली साडी नेसून गेलेली. मला वाटलं, बाई गं, मी काय इतकी वाईट दिसते? बाहेर पडल्यावर नवऱ्याला म्हटलं, "माणूस माजोरी दिसतोय." नवरा म्हणाला, "खोलीत स्वतंत्र नळ आहे. पाठ तर पाठ."

माज नव्हता तो. पण हे कळायला पुष्कळ दिवस जावे लागले, आणि कळलं ते एका माऊसमुळं. उंदीर नव्हे, कॉम्प्युटरचा माऊस.

सणसवाडीत तेव्हा नगर रोडच्या दोन्ही अंगांनी कंपन्या उभ्या राहत होत्या आणि ज्याची जमीन रोडजवळ त्यानं खोल्या काढल्या होत्या. आमच्या घरमालकांनी, म्हणजे आप्पांनीही काढल्या. पण आप्पांचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. ते स्वतः तरुणपणी खांद्यावर काठी टाकून कोकणापर्यंत मेंढरं घेऊन चालत गेलेले. पुढं शेती धरली, घर बांधलं, मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली. मेंढरं गेली, पण राखायची सवय काही गेली नाही. ती सगळी त्यांनी आम्हा भाडेकरूंवर काढली.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की आप्पा फाटकात काठी घेऊन उभे. येणाऱ्या प्रत्येकाकडं एक नजर, आत सोडला, पुढचा. कुणाला नावानं हाक मारणं त्यांना माहीतच नव्हतं. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. कोपऱ्यातल्या खोलीत उत्तर प्रदेशातल्या बलियाचा एक वेल्डर होता, त्याचं नाव बलिया. माझ्या सासरचं गाव राहू. तुम्हाला ग्रह आठवला असेल, पण आमचं राहू दौंड तालुक्यात आहे आणि तिथं उसाशिवाय कशाची पीडा नाही. तर माझा नवरा झाला 'राहू' आणि मी 'राहूची'. लग्नात घेतलेलं नाव एक, माहेरचं नाव एक, आणि हे तिसरं. पण खरं सांगते, ह्या तिसऱ्याला मी जितकी पटकन ओ द्यायची तितकी बाकीच्या दोन्हींना कधी दिली नाही.

एकदा माझ्या नवऱ्याला न सांगता डबल शिफ्ट लागली. मी बसले होते निवांत, पण आप्पांच्या जिवाला घोर. त्यांनी जीप काढली आणि कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनला दरडावलं, "आमचं राहू आत हाय का? हाय तर हाय म्हणा, न्हाई तर मला बाकीचा माळ हुडकाय लागंल!" वॉचमनला वाटलं, म्हाताऱ्याचं जनावर हरवलंय. कंपनीत पुढं वर्षभर नवऱ्याची थट्टा चालली.

आणि हात! आप्पांचा हात कधी रिकामा म्हणून दिसला नाही. काठी तरी घट्ट धरलेली, नाहीतर सुतळी वळणं चाललेलं, नाहीतर उगाच फाटकाची कडी घासत बसलेले. विचारलं की एकच उत्तर, "हात रिकामा ठिवला की नादाला लागतो." रोज सकाळी अख्खा पेपर मोठ्यानं वाचणारा हा माणूस, पण सही करायची वेळ आली की अंगठा पुढं करायचा. म्हणायचे, "सही कुणी बी मारंल. अंगठा आणील का माझा?" लोक हसायचे. आप्पा बेरकी आहेत म्हणायचे. मीही म्हणायचे.

आता माऊसचं सांगते.

आप्पांचा एकुलता मुलगा शिकून कॉम्प्युटरच्या धंद्यात गेला आणि तिथून अमेरिकेला. त्यानं एका दिवाळीला पुण्याहून माणूस पाठवून आप्पांच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून दिला. हेतू एवढाच की आईबापानं नातीला डोळ्यांनी बघावं, बोलावं. सोबत टेबल आणि फिरती खुर्ची आली. आप्पांनी खुर्चीला एक गिरकी दिली, ती थांबेपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "टेबलाला बसाय मी काय तलाठी हाय व्हय?" ते भिंतीला टेकून घोंगडीवर बसले ते बसलेच. टेबलावर मावशींचे पापडाचे डबे गेले.

पण साध्या माऊसला खाली काहीतरी सपाट लागतं. घोंगडीवर तो चालेना. आप्पांनी मांडीवर चालवून बघितला, पोळपाटावर बघितला, परात उपडी घालून तिच्यावर बघितला. परातीवर बाण जरा सरकला, पण वायर हॉलभर ताणलेली. मावशी चहा घेऊन आल्या आणि वायरीत पाय अडकून चहासकट घोंगडीवर. पडल्या पडल्या म्हणाल्या, "आवं, लेकाला म्हणावं फोटूच पाठीव पोस्टानं!"

मुलगा बापाला ओळखून होता. त्यानं एका दोस्ताबरोबर तिकडचा एक नवा माऊस धाडून दिला. त्याला वायर नाही, खाली टेबल नको, काही नको. साबणाच्या मोठ्या वडीएवढा, मुठीत बसणारा. कॉम्प्युटरला मागं बोटाएवढी काडी खोचायची आणि हा हातात धरून हवेत हलवायचा. मूठ उजवीकडं वळली की टीव्हीवरचा बाण उजवीकडं, मूठ उचलली की बाण वर.

पहिल्या दिवशी सगळी चाळ आप्पांच्या दारात लोटली होती. आप्पा हॉलच्या मधोमध उभे, डोक्याला मुंडासं, हात लांब केलेला आणि बाण टीव्हीवर सैरावैरा पळतोय. आप्पांनी जीभ टाळूला लावून मेंढरं वळवायचा आवाज काढला. "हुर्र्र! कुठं निघालास? हिकडं फिर! हिकडं!" आणि बाण फिरला की! आप्पांनी हात असा कमानीसारखा फिरवून त्याला कडेकडेनं आणला आणि नातीच्या फोटोवर उभा केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी अजून विसरले नाही. "ह्ये बेस हाय," ते म्हणाले. "मेंढरू बी असंच वळवायचं असतंय. काठी मारायची नसती, नुसता हात दावायचा."

मेंढरं सुटल्यापासून त्यांच्या हाताचं ऐकणारं त्यांना पहिल्यांदाच काही मिळालं होतं. आम्ही भाडेकरू काय, ऐकल्यासारखं करायचो.

घोडं अडलं ते रविवारी संध्याकाळी. मुलाचा फोन कॉम्प्युटरवर यायचा. टीव्हीवर घंटी वाजायची आणि खाली दोन बटणं दिसायची, एक हिरवं, एक लाल. हिरवं दाबलं की नात समोर, लाल दाबलं की फोन बंद. दोन्ही अगदी शेजारी शेजारी. मोठ्या फोटोवर बाण उभा करणं वेगळं आणि नखाएवढ्या बटणावर वेगळं. आप्पांनी बाण हळूहळू खाली आणला, हिरव्याच्या तोंडाशी आणला, आणि तिथं तो थरथरायला लागला. एकदा वर, एकदा खाली, आणि दाबायच्या क्षणाला उडी मारून लालवर. फोन बंद. मुलानं पुन्हा लावला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "बलियाला द्या की, त्यो दाबंल." आप्पा कडाडले, "गप बस! माझ्या लेकाचा फोन मी उचलीन!" शेवटी कसाबसा लागला एकदाचा, पण तोवर नात रडून झोपली होती.

त्या दिवशी आप्पांनी निकाल दिला, "यंत्र खराब हाय."

मग खराबी कशानं आली त्याचा तपास सुरू झाला. आधी संशय पंख्यावर. रविवारी पंखा बंद, आम्ही सगळे घामानं निथळतोय. मग ट्यूबलाइट. ती काढून बल्ब लावला. मग टीव्हीच हलतोय म्हणून तो सुंभानं खिडकीच्या गजाला बांधला, पळून जाणाऱ्या बोकडासारखा. मग नगर रोडवरचे ट्रेलर. ते काही आप्पांच्या हातात नव्हते, नाहीतर त्यांनी रोडही बंद ठेवला असता. शेवटी शेजारची गिरणी. गिरणीवालाही आप्पांचाच भाडेकरू, त्यामुळं बिचाऱ्याला बोलता येईना. रविवार संध्याकाळी गिरणी बंद ठेवायचा हुकूम निघाला. रविवारी सगळ्या बायकांना सुट्टी, डोक्यावर डबे घेऊन येणार आणि गिरणीला कुलूप. मी एकदा फाटकातच भांडले, "आप्पा, तुमच्या बाणासाठी आम्ही काय ज्वारी चावून खायची?" तर म्हणाले, "भिजवून खा. ताकद येती."

मुलानं नवा माऊस पाठवला. तोही खराब निघाला.

एकदा मावशींच्या पायाला लागलं होतं म्हणून मी त्यांच्या हॉलची झाडलोट करायला गेले. आप्पा शेताकडं. टीव्ही चालू राहिलेला. मी फडक्यानं पुसायला म्हणून तो माऊस उचलला, तर बाण माझ्या हाताबरोबर सरळ चालला. थांबवला तिथं थांबला, भिंतीत खिळा ठोकावा तसा. मी हिरव्या खुणेवर नेला, लालवर नेला, मनात येईल तिथं नेला. मी ओरडलेच, "अहो मावशी, हा तर चांगला आहे! खराबी माऊसमध्ये नाहीच, आप्पांच्या..."

मावशी लंगडत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. दार लोटलं. मग घोंगडीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांच्या सासऱ्यांचा हात असाच कापायचा. आधी कप, मग ताट, मग नवं कोकरू हातात धरता येईना. मेंढरं माळाला लागली की ते घरी. पुढं पुढं घास तोंडापर्यंत जाईना. मावशी नव्या सूनबाई, त्यांनाच भरवायला लागायचं. "एकेक घास घ्यायचे आन् डोळ्यातनं पाणी गाळायचे गं," मावशी म्हणाल्या. "सुनंच्या हातनं खायचं म्हंजी मेल्यावानी व्हायचं त्यांना. आन् ह्ये उंबऱ्यात हुबं राहून बघायचे. तवाच बोलले हुते मला, माझ्यावर ही येळ आली तर मला माळावर सोडून या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"ताटाभवती सांडल्यालं कोण पुसतंय? मीच न्हवं?" मावशी म्हणाल्या. "जवापासनं हात कापाय लागला तवापासनं भिंतीकडं तोंड करून च्या पित्यात. लोकांना वाटतं तऱ्हा हाय. वाटू दे."

चहा, अंगठा, सुतळी, काठी, सगळं एका झटक्यात समोर उभं राहिलं. आणि मी ह्या माणसाला माजोरी म्हटलं होतं! मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना. डॉक्टरकडं न्या." मावशी म्हणाल्या, "सांगू की. पण आपुन सांगितलं तर घरातनं निघून जातील माळाला. तसलेच हायेत. त्यांचं त्यांना म्हणू दे."

पुढच्या रविवारी बाण पुन्हा लालवर गेला. आप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात मला पहिल्यांदाच भीती दिसली. त्यांनी माऊस मावशींपुढं धरला. "धर. तूच बघ. खराब हाय का न्हाई?"

मावशींनी जन्मात कधी त्या वस्तूला हात लावला नव्हता. त्यांनी तो घेतला, टीव्हीकडं धरला आणि मनगट बारीक बारीक हलवायला लागल्या. बाण थरथरला. "आगं बया!" मावशी म्हणाल्या, "माझ्या बी हातात कापतंय की वो ह्ये!"

आप्पांचे खांदे खाली आले. "मग! म्हटलं न्हवतं?" त्यांनी बलियाकडं माऊस दिला. बलियानं मावशींच्या तोंडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. त्याचाही हात कापायला लागला. "आप्पा, ये तो हमसे भी नहीं सँभल रहा है." माझ्या नवऱ्याच्याही हातात कापला. मग माझी पाळी. मला बाई खोटं जमत नाही, आणि जमवायला गेले की जास्तच होतं. मी असा हात हलवला की बाण टीव्हीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला. आप्पा म्हणाले, "ए राहूची, अंगण झाडती का काय?" सगळे हसले. आप्पाही हसले.

तेव्हापासून दर रविवारी आमची चाळ थरथरायची. आप्पांना यायला उशीर झाला आणि फोन आधी वाजला, तरी उचलणारा हात हलवतच उचलायचा. कोण कधी दारात येईल काय सांगावं! बलिया तर इतका तरबेज झाला की त्याचा बाण बघून मला खराच आजार वाटायला लागला.

पण मला ते सोसेना. नवऱ्याशी माझी रोज भांडणं. तो म्हणायचा, "म्हाताऱ्याला आनंद आहे ना? झालं तर." मी म्हणायचे, "डोंबलाचा आनंद! अंगावरचा सदरा बघितलास का त्यांच्या?" कारण आप्पा वाळत चालले होते. त्यांनी आमटी सोडली, कालवण सोडलं, ताक सोडलं. सांडेल असं काहीच खाईनात. कोरडी भाकरी आणि कांदा, तोही शेतात एकट्यानं जाऊन. मावशी डबा भरून द्यायच्या, कालवण जसंच्या तसं परत यायचं. चारचौघांत लाज जायला नको म्हणून माणूस उपाशी राहत होता आणि आम्ही बसलो होतो हात हलवत. एकदा मी मावशींनाच म्हटलं, "त्यांचं त्यांना म्हणू दे म्हणता, पण म्हणेपर्यंत राहतील का हे?" मावशी पदरानं डोळे पुसून भाकरी थापायला लागल्या.

असाच एक मधला वार. भर दुपार. मावशी तळेगावच्या बाजाराला गेलेल्या, जाताना मला सांगून गेल्या, ह्यांना पिठलं दे, घट्ट कर. मी वाटी घेऊन हॉलच्या दारात आले आणि तिथंच थबकले.

आप्पा हॉलच्या मधोमध उभे होते. कुणीतरी फाटकात हाक मारली म्हणून ते माऊस घोंगडीच्या घडीवर ठेवून गेले असावेत आणि आत्ता परत आले असावेत. टीव्हीवर नातीचा फोटो. बाण तिच्या नाकाच्या शेंड्यावर. आणि तो हलत नव्हता.

शेजारी गिरणी चालू होती, धाडधाड. वार मधला, त्यामुळं बंदी नव्हती. डोक्यावर पंखा चालू. ट्यूब परत लावलेली. तेवढ्यात रोडवरून एक भरलेला ट्रेलर गेला, खिडकीच्या काचा वाजल्या, माझ्या हातातली वाटीसुद्धा हादरली. बाण जागचा हलला नाही. आप्पा हळूच गेले आणि पंखा पाचावर केला. परत येऊन बघितलं. बाण नाकाच्या शेंड्यावर तसाच. मग त्यांनी वाकून माऊस उचलला. बाण लागला थरथरायला. खाली ठेवला. थांबला. पुन्हा उचलला.

मी परत फिरणार तोच आप्पांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसले. आप्पा घोंगडीवर बसले. म्हणाले, "राहूची, यंत्र चांगलं हाय गं."

मी पिठल्याची वाटी त्यांच्यापुढं ठेवली आणि खोलीत येऊन ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांनी मुंडासं बांधलं, माऊस खिशात घातला आणि मावशींना सांगितलं, "शिरूरला जाऊन येतो. ह्ये दुरुस्तीला दावतो." जीप काढली नाही. फाट्यावर जाऊन एसटीनं गेले. संध्याकाळी परत आले ते गप्पच. फाटकात आम्हाला आत घेतलं, पण नेहमीसारखं कुणाला काही बोलले नाहीत. मावशी माझ्या खोलीत येऊन कुजबुजल्या, "माळाला तर जायचे न्हाईत ना गं?" मला माहीत असलेलं मी त्यांनाही सांगितलं नाही. ती आप्पांची गोष्ट होती, आप्पांनीच सांगायची. पण रविवारपर्यंत मी खिडकीतून सारखी बघायची, आप्पा दिसतायत ना, काठी आहे ना जागेवर.

रविवार आला. संध्याकाळी गिरणीवाला नेहमीप्रमाणं कुलूप लावत होता. आप्पांनी ओसरीतून हाक दिली, "ए, कुलूप काढ! चालू कर. ह्या बायांच्या शिव्या मला भोवायच्या." गिरणीवाला बघतच राहिला. मग आप्पांनी टीव्हीचं सुंभ स्वतः सोडलं. पंखा लावला. आम्ही सगळे आपापल्या जागी दाटीवाटीनं बसलो. काय चाललंय कुणालाच कळेना. मी मावशींकडं बघितलं, त्यांचा चेहरा पांढराफटक.

घंटी वाजली. हिरवं बटण, लाल बटण. आप्पांनी माऊस उचलला. बाण खाली यायला लागला आणि हिरव्याजवळ थरथरला. आप्पांनी दाबलं नाही. त्यांनी तो मावशींच्या हातात दिला. मावशींनी सवयीनं मनगट हलवायला सुरुवात केली.

"बास," आप्पा म्हणाले. "सरळ धर. तुझा हात न्हाई कापत."

शेजारून गिरणी ऐकू येत होती.

"आन् तू रं बलिया," आप्पा वळले. "वेल्डर हायेस न्हवं? असा हात कापत आसता तर कंपनीनं दारात उभं केलं आसतं का तुला? आन् ही राहूची! सुईत पहिल्या झटक्याला दोरा घालती, आन् माझ्या म्होरं अंगण झाडती! लबाडांनो, नीट खोटं बोलाय बी येत न्हाई तुमाला!" त्यांनी एकेकाकडं बघितलं. "म्हाताऱ्यासाठी हात हलवीत बसला हुता व्हय रं, दर रविवारी?"

बलियानं मान खाली घातली. माझा नवरा, ज्याला आनंदाची एवढी खात्री होती, तो सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता.

"दाब की," आप्पा मावशींना म्हणाले. "नात वाट बघती."

मावशींनी हात सरळ धरला. बाण हिरव्यावर गेला आणि थांबला. मुलगा दिसला, मांडीवर नात. "आप्पा, आज पहिल्या रिंगला कसा काय उचलला?" त्यानं विचारलं.

"मी न्हाई उचलला. तुझ्या आईनं." आप्पा कॅमेऱ्याच्या पुढं सरकले आणि त्यांनी आपला उजवा हात बोटं पसरून समोर धरला. काठी नाही, सुतळी नाही. एवढ्या दिवसांत तो हात मी पहिल्यांदाच रिकामा बघितला. तो चांगलाच कापत होता. "ह्ये बघ. तुझ्या आज्ज्यासारखं मला बी झालंय. शिरूरच्या डाक्टरला दावून आलो. त्यो म्हणतो, ह्यानं जीव जात न्हाई. गोळ्या दिल्यात. कमी हुईल, पार जायाचं न्हाई. तू तिकडनं पळत येऊ नको. तुझी आई हाय हितं. आन् ही सगळी लबाड हायेत."

नातीला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण आजोबा हात हलवतायत म्हणून तिनंही आपला हात हलवला. आप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "बघ. तिचा बी कापतोय." आणि आधी ते स्वतः हसले, मग आम्ही.

आप्पांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत आमटी त्यांनी खोल वाटीत, चमच्यानं खाल्ली, कधी मावशींच्या हातूनही, आणि माळावर सोडा असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे.

फोन झाल्यावर मी चहा केला होता. ट्रे घेऊन आले आणि आप्पांपुढं धरला. त्यांनी कप घेतला. सवयीनं आम्ही सगळ्यांनी नजरा दुसरीकडं वळवल्या, म्हणजे त्यांना उठून भिंतीकडं जायला मोकळं. ते उठले नाहीत. बशीवर कप किटकिट वाजत होता. त्यांनी तो मावशींपुढं केला आणि म्हणाले, "ह्यातला निम्मा घे गं. भरल्याला सांडतो माझ्याच्यानं."

मावशींनी अर्धा चहा आपल्या बशीत ओतून घेतला. उरलेला अर्धा आप्पा आमच्याकडं तोंड करून प्यायले.